समुद्रकिनारी तंबू ठोकून राहायचं असेल तर तारीख आणि जागा कशी ठरवावी?

वादळी हंगाम टाळा, अष्टमीच्या आसपासची तारीख धरा आणि वाळूवर दिसणाऱ्या भरतीच्या सर्वांत वरच्या खुणेच्याही बरंच वर तंबू ठोका. कारण सूर्य-चंद्राची ओढ अमावास्या-पौर्णिमेला एकाच रेषेत येते आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती सर्वांत वर चढते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरती असते. भरतीची ती वरची खूण ओळखणं सोपं आहे: वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले यांची आडवी रेघ. अशा दोन रेघा दिसल्या तर वरचीच खरी माना. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून संध्याकाळी पाणी लांब दिसलं तरी गाफील राहू नका, पहाटे ते दाराशी येऊ शकतं. साध्या खुंट्या कोरड्या वाळूत टिकत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून त्यांना दोर बांधा आणि हातभर खोल पुरा. खाडीच्या तोंडाशी मुक्काम नकोच.

मात्र भरतीच्या तक्त्यात, म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा आणि उंची आधीच सांगणाऱ्या यादीत, फक्त सूर्य-चंद्राचा हिशेब असतो. समुद्राकडून जोराचा वारा असेल किंवा हवेचा दाब घसरला असेल, तर पाणी तक्त्यापेक्षा वर येतं. निघण्याच्या दिवशी हवामानाचा अंदाज पाहाच.