हिरडी सरकून मूळ उघडं पडलं तर

प्रश्न : वरच्या सुळ्याची हिरडी सरकून मूळ साधारण ३ मिलिमीटर उघडं पडलं आहे. थंड पाणी लागलं की कळ जाते. ऑपरेशनने हिरडी पूर्ववत होईल का?

उत्तर : मूळ किती उघडं पडलं आहे, यापेक्षा शेजारच्या दातांमधलं हाड किती शिल्लक आहे हे महत्त्वाचं. दोन दातांच्या फटीतली हिरडी आणि तिच्याखालचं हाड शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची चांगली शक्यता असते. फटीतलं हाड दाताच्या दर्शनी बाजूपेक्षाही जास्त झिजलं असेल, तर पूर्ण झाकण्याची आशा धरू नये. म्हणून एक्स-रे आणि प्रोबने (हिरडी मोजायची खुणांची बारीक सळई) मोजमाप घेतल्याशिवाय कोणी खात्री देत असेल, तर ती मानू नका. हिरडीतून रक्त किंवा पू येत असेल तर आधी स्केलिंग (दातांवरचं कीटण काढणं), मुळांची सफाई, शस्त्रक्रिया त्यानंतर.

तक्रार फक्त कळ जाण्याची असेल, तर ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट काही आठवडे नियमित वापरून बघा, दवाखान्यात फ्लोराइड वार्निश लावून घ्या. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं. हिरडी सरकतच चालली असेल, कळ थांबत नसेल किंवा हसताना लांब दिसणारा दात खटकत असेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार योग्य.

प्रश्न : एक डॉक्टर टाळूचा तुकडा काढून लावू म्हणतात, दुसरे म्हणतात नुसती हिरडी ओढून शिवू. खरं कोणाचं?

उत्तर : उरलेली हिरडी कशी आहे, त्यावर ठरेल. ती जाड असेल आणि तिचा घट्ट, गुलाबी पट्टा पुरेसा रुंद असेल, तर नुसता फ्लॅप, म्हणजे दातापासून सोडवलेला हिरडीचा पदर, सरकवून भागतं. हिरडी पातळ असेल तर मात्र टाळूचा ग्राफ्ट (तिथून काढलेला तुकडा) घालावा, असं आमचं स्पष्ट मत आहे; पातळ हिरडी नुसती ओढली तर ती पुन्हा सरकायची भीती जास्त.

इथे ग्राफ्ट म्हणजे टाळूची वरची कातडी नव्हे. सुळ्यापासून पहिल्या मोठ्या दाढेपर्यंतच्या भागात कातडीखालचा, साधारण १ ते १.५ मिलिमीटर जाडीचा थर काढतात आणि वरची कातडी परत शिवतात. उघड्या मुळाला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे हा थर वरचा फ्लॅप आणि कडेची हिरडी यांच्यावरच जगतो. फ्लॅप आतून इतका मोकळा करावा लागतो, की तो दाताच्या मानेपलीकडे (मूळ संपून दाताचा दिसणारा भाग सुरू होतो त्या रेषेपलीकडे) १ मिलिमीटरपर्यंत सहज पोहोचेल आणि ओठ हलवला तरी टाक्यांवर ताण येणार नाही. ताणून बसवलेला फ्लॅप मागे सरकतो. फसलेल्या शस्त्रक्रियांमागे हे कारण वारंवार दिसतं.

शेजारशेजारच्या तीन-चार दातांची मुळं उघडी असतील तर फटीतली हिरडी न कापता आतून बोगदा करून ग्राफ्ट सरकवता येतो. टाळूला हात लावायचा नसेल तर कोलॅजनचा तयार पडदाही मिळतो. टाळूची जखम वाचते, पण पातळ हिरडीत स्वतःच्या ग्राफ्टची बरोबरी तो सहसा करत नाही.

प्रश्न : नंतर काय सांभाळायचं?

उत्तर : पहिले दोन-तीन दिवस ग्राफ्टला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, भोवतालच्या द्रवावर तो तग धरतो. नव्या वाहिन्या नाजूक असतात, जरा हालचाल झाली की तुटतात. म्हणून आरशासमोर ओठ उचलून टाके बघू नका. जोरात थुंकू नका, स्ट्रॉ वापरू नका. त्या जागी दोन ते चार आठवडे, डॉक्टर सांगेपर्यंत, ब्रश नाही. त्याऐवजी ०.१२ किंवा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन दिवसातून दोनदा तोंडात धरून अलगद सोडायचं. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, ते नंतर पॉलिशने निघतात.

टाळूतून रक्त आलं तर ओला गॉज २० मिनिटं सलग दाबून धरा, मध्येच उचलून पाहू नका. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांना गाठा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, मग उतरते. चौथ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं किंवा पू आला, तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका. टाके बहुधा १० ते १४ दिवसांनी निघतात. निकाल मात्र सहा महिन्यांनी बघायचा.

तंबाखू कोणत्याही रूपात चालू असेल तर आधी ती सोडा. धूम्रपानाने रक्तपुरवठा घटतो आणि मूळ कमी झाकलं जातं.

प्रश्न : मुलीला तारा लावायच्या आहेत. खालच्या पुढच्या एका दाताची हिरडी आताच फार पातळ आहे. आधी ऑपरेशन करावं?

उत्तर : दात कोणत्या दिशेने सरकणार, हे तारा लावणाऱ्या डॉक्टरांना विचारा. तो ओठाकडे, हाडाबाहेर ढकलला जाणार असेल तर आधी हिरडी जाड करून घेणं शहाणपणाचं. आत येणार असेल तर बहुतेक वेळा थांबता येतं. घट्ट पट्टा जवळजवळ नसेलच, तर तिथे टाळूच्या वरच्या थरासकट ग्राफ्ट लावतात. त्याचा रंग फिका राहतो, पण खालच्या ओठाआड तो सहसा दिसत नाही. ओठाची दोरी (ओठ आतून हिरडीला जोडणारी पातळ घडी) हिरडीच्या कडेला ओढत असेल, तर तीही त्याच वेळी सोडवून घ्या.