अव्वाच्या शुगरची वही आणि बारावीनंतरचा प्रश्न

पत्र :

मॅडम, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात आहेत, आई घरी विड्या वळते. मी यंदा बारावी सायन्सला गेले. गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. माझ्या अव्वाला, म्हणजे आजीला, बरीच वर्षं शुगर आहे. तिची शुगर मीच मशीनवर बघते आणि वहीत लिहून ठेवते. मे महिन्यात आकडे फारच वर-खाली झाले. जेवण तेच, गोळ्या त्याच, मग असं का ते कळलं नाही. गल्लीतल्या बायका आभा कार्ड, म्हणजे डिजिटल आरोग्याचं सरकारी कार्ड, काढायला, मोबाइलवर आलेले रिपोर्ट दाखवायला माझ्याकडे येतात. मला हे काम आवडतं. नीटच्या क्लासची फी आम्हाला झेपणारी नाही. एका खासगी संस्थेत एक वर्षाचा ‘डिजिटल हेल्थ’ डिप्लोमा आहे. फी १ लाख ४० हजार, नोकरीची १०० टक्के हमी म्हणतात. वडील म्हणतात कॉम्प्युटरला जा, आई म्हणते नर्सिंग कर. पण एआय आल्यावर नर्सिंगला तरी काही अर्थ राहील का? मी काय करू? माझं नाव छापू नका.

उत्तर :

तुझं मूळ पत्र बरंच मोठं आहे, इथे त्याचा सारांश दिला. त्यात कोर्सबद्दल जेमतेम चार ओळी आहेत आणि अव्वाच्या वहीबद्दल पानभर मजकूर. उपाशीपोटीचा आकडा निळ्या पेनानं, जेवणानंतरचा लाल पेनानं, गोळी चुकली त्या दिवशी फुली, हे सगळं तू न विचारता लिहिलंस. तुला काय करायचंय ते मला त्या पानातच दिसलं.

आधी तो डिप्लोमा. त्यात पैसे घालू नकोस. माहितीपत्रकात टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार), एआय, हेल्थ डेटा आणि मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांना ठरलेले सांकेतिक क्रमांक देणं) हे सगळं एका वर्षात शिकवू असं म्हटलंय. एवढं सगळं मिळून एका वर्षात नीट शिकून होत नाही. प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं, त्याला कोणाची मान्यता, मागच्या बॅचची मुलं कुठे आणि काय पगारावर लागली, हे तीन प्रश्न वडिलांना घेऊन जाऊन विचार आणि उत्तरं लेखी माग. बारावीच्या जोरावर आरोग्याच्या क्षेत्रात ‘१०० टक्के नोकरी’ देणारा कोर्स माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि मेडिकल कोडिंग हे काम खरं असलं, प्रामाणिक असलं, तरी ते बहुतेक अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या बिलांसाठी चालतं. हैदराबाद, चेन्नई, पुण्यात त्याची ऑफिसं आहेत आणि तिथेही बहुधा पदवीधरच घेतात. अव्वाच्या शुगरशी त्याचा संबंध दूरचा.

आता तुझा मे महिन्याचा प्रश्न, कारण मला तो सगळ्यात मोलाचा वाटला. शुगरच्या मशीनमध्ये घालायच्या पट्ट्यांच्या डबीवर काय छापलंय ते वाच. बहुतेक कंपन्यांच्या डबीवर ३० अंशांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते तुला मी सांगायला नको. उन्हानं पट्ट्या खराब झाल्या की मशीन आकडा दाखवतंच, पण त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. डबीचं झाकण उघडं राहिलं, फळ खाऊन हात न धुता बोट टोचलं, तरीही आकडा चुकतो. अर्थात अव्वाची शुगर खरोखरच वर-खाली झाली असेल हीही शक्यता आहेच. म्हणून वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि एचबीए१सी ही रक्ततपासणी करायची का ते विचार. त्या तपासणीत साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी कळते. गोळ्यांचं प्रमाण मात्र घरच्या घरी बदलू नका.

हा प्रश्न मी एवढा लांबवला, कारण या क्षेत्रातलं खरं काम असंच असतं. यंत्र आकडा देतं. तो कोणत्या खोलीत, कोणत्या हातानं, कोणत्या परिस्थितीत घेतला हे माहीत असणारं माणूस नसेल तर त्या आकड्यानं रुग्णाचं नुकसानही होऊ शकतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोरोनात घरोघरी आलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात दिसलं, की गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये हे यंत्र रक्तातला ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची शक्यता अधिक असते. यंत्र वर्षानुवर्षं वापरात होतं, तरी ही गोष्ट रोजच्या वापरात फारशी कोणी लक्षात घेत नव्हतं.

आभाचंही तसंच. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. १४ अंकी आभा क्रमांकाखाली माणसाचे रिपोर्ट, चिठ्ठ्या एकत्र याव्यात आणि दवाखाना बदलला तरी जुना इतिहास हाताशी असावा, ही त्यामागची कल्पना. कल्पना चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण तुझ्या गल्लीत काय होतं ते तू लिहिलंसच : आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, फोन त्याच्या खिशात, तो कारखान्यात. ओटीपी तिकडे येतो आणि बाई तुझ्या दारात बसून राहते. अंगठा लावायचा म्हटलं, तर वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या बोटांचे ठसे यंत्राला वाचता येत नाहीत. ज्यांनी हे ॲप बनवलं ती मंडळी हुशार आहेत, पण त्या दारात कधी बसलेली नाहीत. तू बसलेली आहेस. त्यातून तुला मराठी, तेलुगू आणि हिंदी येतं. ज्या शहरात सिव्हिलच्या ओपीडीत एकाच बाकावर चार भाषा ऐकू येतात, तिथे ही पुस्तकातून न मिळणारी पात्रता आहे.

एक गोष्ट मात्र आजपासून पाळ. त्या बायकांचे रिपोर्ट तुझ्या फोनमध्ये साठवून ठेवू नकोस, कोणत्याही ग्रुपवर टाकू नकोस आणि ओटीपी त्यांच्यासमोर, त्यांना सांगूनच वापर. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. कोणाच्या घरात कोणाला टीबी आहे, कोणाची पाळी चुकली, हे गल्लीला कळण्याची किंमत ती बाई मोजते.

आता आई बरोबर की वडील? दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. तरी तुझं पत्र वाचून माझा कौल आईच्या बाजूनं पडतो. बीएस्सी नर्सिंग कर, आणि डिजिटलचं शिक्षण त्यावर चढव.

नर्सिंग म्हणजे फक्त सलाइन आणि इंजेक्शन, हे चित्र आता जुनं झालं. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून जी उपकेंद्रं आहेत, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. आयुर्वेदाचे पदवीधर आणि बीएस्सी नर्सिंग झालेले, दोघेही या पदावर काम करतात. बीपी-शुगरची तपासणी, त्याची ऑनलाइन नोंद आणि गरज पडली तर ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेवरून डॉक्टरांशी रुग्णाची गाठ घालून देणं, हे त्यांचं रोजचं काम. गावातल्या म्हाताऱ्या बाईनं डॉक्टरांना स्क्रीनवर काय सांगावं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं तिला नीट समजलं का, हे बघायला शेजारी तीच ताई बसलेली असते. मोठ्या रुग्णालयांमध्ये संगणकप्रणाली बसवताना नर्सिंगची पार्श्वभूमी असलेलं माणूस मुद्दाम शोधतात, कारण वॉर्डात रात्री तीन वाजता औषधाची नोंद कशी होते ते इंजिनिअरला ठाऊक नसतं. पुढे सार्वजनिक आरोग्यात किंवा रुग्णालय व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत दोन्हीची सोय आहे. आरोग्य माहिती व्यवस्थापन आणि हेल्थ इन्फर्मेटिक्स (आरोग्याची माहिती संगणकावर हाताळणं) या कामाला २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्यात स्वतंत्र गट म्हणून जागा मिळाली आहे. म्हणजे तू शिकून बाहेर पडशील तोवर ही वाट आजच्यापेक्षा मळलेली असेल.

वडिलांचा मार्ग कधी घ्यावा, तेही सांगते. वही लिहिण्यापेक्षा ‘या मशीनच्या आत काय चालतं’ हा प्रश्न तुला जास्त छळत असेल, तर बायोमेडिकल किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा विचार कर. तुझ्याकडे गणित आहे म्हणून हे दार उघडं आहे, ते बंद करू नकोस. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतही (डब्ल्यूआयटी) आहे, घर सोडावं लागणार नाही. बायोमेडिकलसाठी बहुधा मुंबईसारख्या ठिकाणी जावं लागेल, वसतिगृहाचा खर्च धरावा लागेल. निव्वळ बीसीए करून हेल्थकडे वळणारी मुलंही आहेत, पण त्यांना रुग्णालयाची भाषा नोकरीत गेल्यावर शिकावी लागते आणि ती सावकाश येते.

एआयबद्दलची भीती. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना आपल्या देशात लागू आहेत. एआयवर चालणारी यंत्रणा डॉक्टरांना मदत करू शकते, पण रुग्णाला थेट सल्ला किंवा औषध देऊ शकत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. दुसरं उदाहरण टीबीचं. १५ वर्षांवरच्या माणसांच्या छातीचा एक्स-रे टीबीच्या चाचपणीसाठी संगणकानं वाचला तरी चालेल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये केली. जिथे एक्स-रे वाचायला तज्ज्ञच नाही तिथे याचा फार उपयोग होतो. पण संगणकानं ‘संशयित’ म्हटल्यावर पुढे काय? त्या माणसाला शोधायचं, थुंकीचा नमुना घ्यायचा, निदान झालं तर टीबी रुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद करायची, गोळ्या मध्येच सोडू नये म्हणून महिनोन्महिने मागे लागायचं, कारखान्यात कळलं तर काम जाईल या त्याच्या भीतीचं काहीतरी करायचं. चाचपणी वेगात झाली की या मागच्या कामाला माणसं जास्त लागतात. नुसती टाइप करणारी, एका कागदावरचं दुसऱ्या कागदावर उतरवणारी कामं मात्र जाणार. त्यासाठी कोणी तुझ्याकडून १ लाख ४० हजार मागत असेल तर म्हणूनच सावध राहा.

या सुट्टीत एक काम कर. अव्वाची वही एक्सेलमध्ये किंवा फोनवरच्या कोणत्याही फुकटच्या शीटमध्ये उतरव. तारीख, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर, आकडा, गोळी घेतली की चुकली, आणि नवी डबी उघडली तो दिवस. मग विचार कर : ओपीडीतल्या डॉक्टरांकडे अव्वासाठी दोन मिनिटं आहेत, त्यांना यातलं काय दाखवू? सगळे आकडे दाखवून उपयोग नाही, निवडावं लागेल. ती एक पानाची शीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी कोणत्या रकान्याकडे बघितलं, कोणत्याकडे बघितलंच नाही, ते लक्षात ठेव. पान पुन्हा कर. हे करताना रात्री किती वाजले ते कळलं नाही तर तुझा रस्ता बरोबर आहे. कंटाळा आला तर तसं मला मोकळेपणानं कळव, आपण पुन्हा विचार करू. जमलं तर ओळखीच्या सिस्टरना विचारून एखादा दिवस रुग्णालयात काढ. रक्त, वास, रात्रपाळी हे सगळं त्या कामात आहे आणि ते आधी बघितलेलं बरं.

परीक्षांचं म्हणशील, तर बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याची वेगळी सीईटी असते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, खुल्या गटाला किमान ४५ टक्के, राखीव गटाला ४० टक्के, आणि प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटीचा गणिताचा ग्रुपही भर, म्हणजे वडिलांचा पर्याय हातात राहील. फॉर्म बारावीची परीक्षा व्हायच्या आधीच सुटतात, निकालाची वाट बघत बसू नकोस. कॉलेज निवडताना भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता दोन्ही बघ.

पैशांची काळजी पत्रात जागोजागी दिसते. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि ओबीसी गटातल्या, वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. बाकी राखीव गटांतल्या मुलींसाठी आधीपासूनच्या योजना आहेत. मुख्य अट अशी, की प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलास तर ही सवलत मिळत नाही, म्हणून कोणी ‘सीट करून देतो’ म्हणालं तर ऐकू नकोस. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जातवैधता यांचे अर्ज आत्ताच टाक. वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्यानं हातची सीट गेलेल्या मुली मी बघितल्या आहेत. आणि आईचं विडी कामगार ओळखपत्र शोधून ठेव. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो. कार्डावरचं आईचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते तपास. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा ते काम याच आठवड्यात सुरू कर.