‘कूळ-मुंडकार’: जोडी एक, हक्क दोन

प्रश्न असा आहे: गोव्याच्या राजकारणावरच्या लेखात ‘भाटकारांच्या दबावातून सुटलेला कूळ-मुंडकार मतदार’ असं वाचलं. मुंडकार म्हणजे कूळच ना? आणि हा भाटकार कोण?

भाटकाराचा स्तुती गाणाऱ्या भाटाशी काही संबंध नाही. कोकणीत भाट म्हणजे माडाची बागायत, तिचा मालक तो भाटकार.

कूळ आणि मुंडकार मात्र एक नव्हेत. कूळ दुसऱ्याची शेतजमीन खंडाने, म्हणजे ठरलेला मोबदला देऊन, कसतं. मुंडकार भाटकाराच्या जागेत त्याच्या संमतीने घर करून राहतो. मग भाटाची राखण करो वा न करो. एकाचा हक्क शेताचा, दुसऱ्याचा छपराचा. एकच माणूस दोन्ही असू शकतो, म्हणून शब्द जोडीने फिरतात. कायदे मात्र वेगळे: कुळांचा १९६४चा, मुंडकारांचा १९७५चा. कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ पासून कूळ मालक ‘मानलं’ गेलं. पण किंमत ठरवून, भरून, खरेदीचा दाखला हाती येईपर्यंत काम अर्धंच. मुंडकाराला घर आणि घराखालच्या जागेसह पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटर, इतरत्र २०० चौरस मीटर विकत घेता येतात. अर्ज मामलेदाराकडे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे घरभाड्याची पावती पुरावा म्हणून जोडणं. भाडं देणारा कायद्याने मुंडकार ठरतच नाही, तेव्हा हा आपल्याच पायावर धोंडा! मालकाच्या आउटहाउसमध्ये राहणारा पगारी चौकीदारही यातून वगळलेला आहे.

आता मतदाराकडे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला ३४,०२१ मतांनी नकार दिला. आणि त्याच मार्चमध्ये विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच (‘मगो’) पुन्हा सत्ता दिली. भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री! हा विरोधाभास ‘कूळ-मुंडकार’ कळल्याशिवाय उलगडत नाही. विरोधी युनायटेड गोअन्सवर भाटकारांचा पक्ष असा शिक्का होता. ‘मगो’ बहुजनांचा, ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणारा. मराठी शाळा आणि जात यांचाही वाटा होताच, सगळं श्रेय जमिनीला देऊ नये. पण माझ्या मते मतावरच्या दबावात मुंडकाराचं पारडं कुळापेक्षा जड. खंडाचं शेत सुटलं तर पोटाला चिमटा बसतो; घरच भाटकाराच्या जागेत असेल तर बिऱ्हाड रस्त्यावर येतं. दोन्ही कायद्यांना पुरी धार आली ती बांदोडकरांनंतर, त्यांच्या कन्या आणि पुढच्या मुख्यमंत्री शशिकला काकोडकरांच्या कारकिर्दीत.

लिहिताना एवढं पाहा: ‘कूळ’ नपुंसकलिंगी, माणूस पुरुष असला तरी ‘ते कूळ’, अनेकवचन ‘कुळं’, ‘मुंडकार’ पुल्लिंगी. महाराष्ट्रात ‘जमिनीला कूळ लागलं’ म्हणतात, तसं घराला ‘मुंडकार लागला’ म्हणू नका. आणि ‘मुंडकार’च्या जागी ‘भाडेकरू’ तर नकोच, कारण तो नेमका त्याच्या उलट अर्थाचा शब्द आहे.