बाणाचा नॉक दोरीत जाम बसतोय, फाकवू का?

प्रश्न : सर नमस्कार, मी अमरावतीला इंडियन राउंड तिरंदाजी खेळतो, बांबूचं धनुष्य आहे, ओढायला ३२ पाउंडाचं. जुनी दोरी १२ पदरी होती, ती गेली म्हणून नवीन करून घेतली, दुकानदाराने १६ पदरी डेक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) दिली, म्हणाला जास्त टिकेल. आता तेच बाण, तेच प्लास्टिकचे नॉक (बाणाच्या मागच्या टोकाला बसवलेली, दोरीत अडकणारी खाचेची टोपी), पण दोरीत इतके घट्ट बसतात की ओढून काढावे लागतात आणि ग्रुपिंग (बाण एकाच जागी लागणं) वरखाली जातंय. मित्र म्हणतो स्क्रूड्रायव्हर घालून नॉक थोडा फाकव. फाकवू का?

उत्तर : अजिबात नको! फाकवलेल्या नॉकला मुळाशी बारीक चीर जाऊ शकते, वरून काही दिसत नाही, आणि एखाद्या दिवशी दोरी सोडतानाच तो फुटतो, मग बाण राहतो बाजूला आणि धनुष्य रिकामंच सुटतं. बांबूच्या धनुष्याचा त्यात कधी कधी निकालच लागतो.

तुमच्या नॉकमध्ये काहीच बिघडलेलं नाही, दोरी जाड झालीय. १६ पदर लागतात ते साधारण ५५ पाउंडाच्या पुढे, तुमच्या ३२ ला १२ पदर भरपूर झाले. त्यामुळे सरळ १२ पदरी करून घ्या, हाच माझा सल्ला. ते लगेच जमणार नसेल तर निदान मधलं सर्व्हिंग (नॉक बसतो तिथे दोरीवर गुंडाळलेला दोरा) उलगडून बारीक दोऱ्याने परत गुंडाळा. सर्व्हिंगचा दोरा ०.०१८ इंचापासून ०.०२६ इंचापर्यंत मिळतो, फरक वाटतो किरकोळ पण दोरा दोन्ही बाजूंनी येतो ना, म्हणजे जाडसर काढून बारीक घातला की जवळपास ०.४ मिमी कमी होतात, आणि नॉकच्या लहान-मोठ्या खाचेत फरकच मुळात ०.२५ मिमीचा असतो (०.०८८ आणि ०.०९८ इंच).

फिट बरोबर आहे का ते असं बघा. दोरी चढवलेलीच हवी, सैल दोरीवर बघून उपयोग नाही कारण ताणली की ती बारीक होते. धनुष्य आडवं धरा, दोरी खालच्या बाजूला, बाण नॉकने अडकवून टोक खाली लटकवा (पाय बाजूला घ्या बरं का). स्वतःच्या वजनाने पडायला नको. मग नॉकपासून दोनेक इंचावर दोरीला बोटाने टिचकी मारा, सुटून पडला की झालं. नाहीच पडला तर घट्ट, आणि लटकवताच घसरला तर सैल. सैल जास्त धोक्याचं, कारण ओढताना बाण मागे सरकला आणि कळलंच नाही तर पुन्हा तेच, रिकामं सुटणार. सैल असेल तर सर्व्हिंगखाली डेंटल फ्लॉसचा एक थर द्या, काम होतं.

आणि मेण फक्त उघड्या पदरांना लावा, सर्व्हिंगला नाही.

प्रश्न : लाकडी बाणाला मी स्वतःच खाच पाडतो, दोनचार दिवसांत उभी चीर जाते. लाकूड खराब असेल का?

उत्तर : लाकडावर लगेच खापर नको. बाणाच्या टोकाकडून बघा, लाकडाच्या रेषा दिसतील, खाच त्या रेषांना आडवी हवी. रेषांच्या दिशेनेच पाडली तर दोरी दर वेळी पाचरीसारखी आत घुसते, मग फुटणारच. खाचेचा तळ गोल कानशीने गुळगुळीत करा, आणि खाचेच्या लगेच खाली अर्धा इंच दोरा घट्ट गुंडाळून त्यावर फेविक्विक सोडा. बांबूचा बाण असेल तर खाच पेराच्या जरा वर येईल अशी कापा, चीर गेलीच तर पेराशी थांबते.