सांगलीत मार्चमध्ये परसबागेतल्या मिरचीची पानं आकसतायत, काय करावं? आणि आत्ता नवीन काय लावता येईल?

आधी पान नीट बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे, कडा खाली वळून देठ लांबलं असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, डोळ्याला जेमतेम दिसणारी कीड). फुलकिड्यांना कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्यात ५ मिली, थोडा लिक्विड सोप घालून, ऊन उतरल्यावर पानाच्या खालनं मारायचं आणि आठवड्यानं परत. कोळ्यांना गंधक चालतं पण भर उन्हात नको, पानं करपतात. अख्खं झाडच खुरटून पिवळट पडलं असेल तर तो व्हायरस, पांढरी माशी पसरवते, औषध नाही, उपटून टाका, उगाच जीव लावू नका.

दुसरं पाणी. आपली काळी माती वरनं भेगाळली की लोक सकाळ-संध्याकाळ पाइप सोडून बसतात, खाली चिखलच असतो आणि मुळं कुजतात. बोट घालून बघा, ओल लागली तर राहू द्या. ऊसतोडी संपत आल्यात, ओळखीच्या शेतकऱ्याकडनं पोतंभर पाचट, म्हणजे उसाची वाळकी पानं, आणा (विकत कोकोपीट कशाला!) आणि मातीवर चार बोटं थर द्या, खोडाला चिकटवू नका.

नवीन म्हणाल तर भेंडी, गवार, दोडका, तांदळजा. मेथी आता लगेच फुलावर येते, कोथिंबीर सावलीत जमेल. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, फळ धरत नसेल तर तेव्हाच नर फूल तोडून मादी फुलावर (ज्याच्या मागे बारीक दोडका असतो ते) फिरवा. हळद मात्र अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावा.