चित्रपटाचे पहिले काम हाती घेताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुमच्या बँडला चित्रपटाच्या संगीताचे काम मिळाल्याचे वाचून फार आनंद झाला. मात्र हे काम तीन आठवड्यांत उरकून टाकतो आणि मग आमच्या खऱ्या अल्बमकडे वळतो, हे तुझ्या पत्रातील वाक्य मला खटकले, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

१९७२ साली पिंक फ्लॉइड हा इंग्लंडमधला रॉक बँडही याच वळणावर होता. पुढच्या वर्षी ‘द डार्क साइड ऑफ द मून’ म्हणून निघालेली रचना ते जानेवारीपासूनच मैफलींत वाजवत होते. तरीही बार्बे श्रोडर यांच्या ‘ला व्हाले’ या चित्रपटासाठी ते पॅरिसच्या उत्तरेकडील शातो देरूव्हिल या जुन्या वाड्यातील स्टुडिओत गेले आणि मध्ये जपानचा दौरा करून, दोन खेपांत मिळून साधारण दोन आठवड्यांत त्यांनी संगीत पूर्ण केले. ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ हा अल्बम तो हाच. चित्रपटातील माणसे पापुआ न्यू गिनीतील ज्या दरीच्या शोधात निघतात, तिच्या जागी नकाशात फक्त ‘ढगांनी झाकलेली’ एवढीच नोंद असते; अल्बमच्या इंग्रजी नावाचा अर्थही तोच.

त्यांची पद्धत नीट समजून घे. रफ कट, म्हणजे चित्रपटाचे कच्चे संकलन, पाहायचा, स्टॉपवॉच लावून प्रसंगांच्या वेळा टिपायच्या आणि तुकडे असे बांधायचे, की संकलनात प्रसंग थोडा लांबला किंवा आखडला तरी एक तुकडा दुसऱ्यात सहज मिसळून देता यावा. ध्रुवपद आणि अंतऱ्याची चौकट पाळलीच पाहिजे असे बंधन नव्हते. एकच कल्पना प्रसंगभर फुलवत नेता येई. आदल्या वर्षी ‘एकोज’ या एकाच रचनेला तबकडीची अख्खी बाजू देणारे हे कलावंत येथे सहा मिनिटांच्या आत थांबतात, आणि माझ्या मते पुढच्या अल्बममध्ये जो नेटकेपणा दिसतो त्याचा सराव त्यांना या वाड्यातच मिळाला. ‘बर्निंग ब्रिजेस’ आणि ‘मडमेन’ लागोपाठ ऐक: पहिले गायिलेले गीत आहे, आणि दुसऱ्यात तीच धून केवळ वाद्यांवर, निराळ्या बाजात येते. वेळ अपुरा असताना नव्या दहा धुनांमागे धावण्यापेक्षा एका धुनेत किती सामावले आहे हे त्यांनी तपासले. तुमच्या तालमींत धुनांचा तोटा कधीच नसतो, सवय असते ती त्या अर्ध्यावर सोडण्याची. म्हणून हे आवर्जून सांगतो.

पुढे चित्रपट कंपनीशी त्यांचे बिनसले आणि अल्बमला चित्रपटाचे नाव दिले गेले नाही. तरीही अल्बमचे काही अडले नाही, कारण प्रत्येक रचना पडद्याच्या आधाराशिवाय उभी राहील इतकी पूर्ण केलेली होती. करारात शीर्षकाचे आणि स्वतंत्र प्रकाशनाचे हक्क आधीच स्पष्ट करून घे.

नकाराचीही तयारी ठेव. याआधी मिकेलांजेलो अँतोनिओनी यांच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’साठी याच मंडळींनी रोममध्ये पुष्कळ संगीत ध्वनिमुद्रित केले होते, आणि दिग्दर्शकाने त्यातील बरेचसे नाकारले. नाकारलेल्यांत बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांची पियानोवरची एक संथ रचना होती. तीच १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधील ‘अस अँड देम’ झाली. तेव्हा परत आलेला एकही टेक पुसू नकोस, तारीख आणि प्रसंग लिहून जपून ठेव.

आणखी एक. ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’च्या शेवटच्या रचनेत अखेरीस वाद्ये थांबतात आणि पापुआ न्यू गिनीतील मापुगा जमातीचे सामूहिक गायन ऐकू येते. तुमच्या दिग्दर्शकानेही चित्रीकरणाच्या जागी काही आवाज टिपले असतीलच. सिंथेसायझरला हात लावण्यापूर्वी ते मागून घे आणि रात्री एकटा बसून पूर्ण ऐक. रफ कट मिळाला की वेळा टिपलेली वही घेऊन ये, आपण दोघे मिळून पाहू.

तुझा शुभचिंतक