'अँड सन्स' आणि जेंडरचा एम.ए.

प्रश्न : माझं रविवार पेठेत हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. मुलगा बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, मार्क चांगले पडतात. आम्ही धरून चाललो होतो की एम.एस्सी. करेल, नाहीतर एखाद्या अ‍ॅनालिटिक्स कंपनीत लागेल. दिवाळीत त्याने सांगितलं, विद्यापीठात जेंडर स्टडीजमध्ये एम.ए. करायचंय. चौकशी केली तर तो स्त्री अभ्यासाचा विभाग निघाला. मुलगा असून बायकांचा विषय कशाला? नोकरी कोण देणार? पुढे लग्नाच्या वेळी काय सांगायचं? मिसेस घरीच असते. ती म्हणते, करू दे त्याला. पण तिला बाहेरचं काय माहीत! दुकानाचं जीएसटीचं तेवढं ती बघते. आणखी एक, स्पष्टच विचारतो, या विषयाला जाणाऱ्या मुलांचं काही 'तसं' असतं का? कृपया नाव छापू नये.
— एक वडील, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे प्रश्न त्याच्या सोबतीला आलेत असं मला वाटतं.

नाही, तसं काही नसतं. शेतीचं अर्थशास्त्र शिकणारी सगळी शेतकऱ्यांची पोरं नसतात. आणि समजा तुमच्या मुलाचं तसं असलंच, तर ते आज बी.एस्सी.ला असतानाही आहे आणि उद्या एम.एस्सी. केलं तरी राहील. तो आजार नाही. गुन्हाही नाही, सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. सांगण्यासारखं काही असेल तर तो सांगेल, त्याच्या वेळेला. त्या दिवशी त्याला तुमच्यासमोर बसून बोलता यावं, एवढं तुमच्या हातात आहे.

आता 'बायकांचा विषय'. तुमचं पत्र दुकानाच्या लेटरहेडवर आलंय. वर तुमच्या वडिलांचं नाव आणि पुढे 'अँड सन्स'. खाली तुम्ही लिहिता, मिसेस घरीच असते, आणि लगेच पुढे, जीएसटीचं ती बघते. व्यापाऱ्याच्या घरी जीएसटीचं बघणं म्हणजे काय, हे मला माहेरामुळे ठाऊक आहे. खरेदीची बिलं लावायची, पुरवठादाराने त्याची बाजू भरली नाही म्हणून खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (क्रेडिट) अडकली की त्याला फोन करायचा, विक्रीच्या तपशिलाची ११ तारीख सांभाळायची, रिटर्नची २० तारीख सांभाळायची. हे काम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं तर तुम्ही त्याला दरमहा पैसे मोजाल आणि खर्चाला टाकाल. वहिनींचं नाव ना पाटीवर, ना पगारपत्रकावर. तुमचा मुलगा जे शिकायला निघालाय ते हेच आहे.

रागावू नका. यात तुमची चूक काढायची नाही. उलट तुमच्याबद्दलही एक विचारते. विशीत तुम्ही गल्ल्यावर बसलात, तेव्हा तुम्हाला दुसरं काही करायचंय का, असं कोणी विचारलं होतं? सन्सपैकी एक म्हणून पाटीवर जागा तयारच होती. 'पुरुषाने कमवायलाच हवं, रडायचं नाही, दुकान मोडायचं नाही' याचंही ओझं असतं, आणि त्याचाही अभ्यास या विषयात होतो. मुंबईची 'मावा' ही संस्था १९९३ पासून पुरुषांबरोबर, विशेषतः कॉलेजातल्या मुलांबरोबर काम करते. आपल्या पुण्यात 'सम्यक' याच वाटेवर आहे. शरीराने आपण स्त्री, पुरुष किंवा आणखी काही असतो, ते लिंग. त्यावरून समाज कामं, कपडे, हक्क, बोलण्याचा आवाजसुद्धा वाटून देतो, तो लिंगभाव. 'जेंडर'चा मराठी शब्द हाच. त्यात बायका आहेत, तसे तुम्ही आहात, आणि तृतीयपंथीही आहेत.

तुमचा मुलगा आकड्यांचा आहे, म्हणून आकड्यांतलंच एक उदाहरण देते. २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. दिवस पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, आणि माणसाने त्या प्रत्येक रकान्यात काय केलं याची नोंद. घरातल्या बिनपगारी कामाला स्त्रियांची दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं त्यात निघालं. बातम्यांत हेच आकडे आले. वाचणारा म्हणतो, चला, दीड तास तरी करतात की पुरुष! पण ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम करणाऱ्यांची आहे. असे पुरुष होते २६.१ टक्के, स्त्रिया ८१.२ टक्के. आता कॅल्क्युलेटर घ्या. न करणारेही धरले, तर पुरुषांची सरासरी उरते जेमतेम २५ मिनिटं आणि स्त्रियांची २४३. हा गुणाकार तुमचा मुलगा झोपेत करेल. पण हा गुणाकार करून बघायला हवा, हे सुचणं त्याला एम.ए.च्या वर्गात शिकायला मिळेल.

त्याच्या पुढचा पेच आणखी मजेदार आहे. सरकारच्या रोजगार पाहणीत घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारा माणूस 'काम करणारा' म्हणून धरला जातो. म्हणजे वहिनी कामगार आहेत. पण पाहणी करणारा दारात आला, तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, 'मिसेस घरीच असते', की तो त्यांना घरकाम करणाऱ्यांच्या रकान्यात टाकून शेजारच्या दारी जाणार. देशाच्या आकडेवारीतून एक कामकरी बाई तुमच्या एका वाक्याने गेली. स्वतःची लिंग-ओळख सांगण्याचंही असंच. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून 'इतर' हा पर्याय पहिल्यांदा आला आणि सुमारे ४.८८ लाख नोंदी झाल्या. तेवढेच लोक आहेत, की दारात आलेल्या अनोळखी माणसापुढे, घरच्यांच्या देखत, तेवढ्यांचीच नोंद झाली? तृतीय लिंगाला सुप्रीम कोर्टाची मान्यता मिळाली ती त्यानंतर, २०१४ मध्ये.

हे फॅड नवं आहे असं कोणी तुमच्या कानावर घातलं असेल, तर दोन तारखा सांगते. १९७१ साली केंद्र सरकारने स्त्रियांच्या स्थितीवर समिती नेमली. डिसेंबर १९७४ मध्ये अहवाल आला. स्वातंत्र्यानंतर सगळं सुधारत चाललंय, अशी तोवर समजूत होती. अहवालाने दाखवलं की लोकसंख्येतलं बायकांचं प्रमाण घटतंय आणि कामधंद्यातला वाटाही. त्या धक्क्यातून आपल्याकडे हा विषय विद्यापीठांत शिरला. १९७४ मध्येच एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाने मुंबईत स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं, पुणे विद्यापीठात केंद्र आलं १९८७ मध्ये. पुण्यापुरतं बोलायचं तर त्याच्या कितीतरी आधी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' इथेच छापला गेला. छोटा निबंध आहे, मराठीत आहे. तुम्हीही वाचा, भाषा अशी खणखणीत की बाजारात वाढलेल्या माणसाला आवडेलच.

नोकरी. इथे मी गोड बोलणार नाही, कारण एकदा बोलून पस्तावले आहे.

काही वर्षांपूर्वी एका मुलीला मी हाच एम.ए. सुचवला. तिला पोलीस ठाण्यातल्या समुपदेशन केंद्रात काम करायचं होतं. हिंसाचार झालेल्या बायकांशी बोलायचं, एफआयआरला सोबत जायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. एम.ए. झालं, जाहिरात निघाली, आणि पात्रतेत लिहिलेलं, एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. तिचा अर्ज छाननीतच बाद. माझ्याकडे येऊन ती काही बोलली नाही, नुसती जाहिरातीचा कागद टेबलावर ठेवून बसली. तेव्हापासून मी मुलांना आधी विचारते, तुला नेमकं काय करायचंय. संकटातल्या माणसांबरोबर थेट काम करायचं असेल, तर कर्वेनगरच्या कर्वे समाज सेवा संस्थेत किंवा अन्यत्र एम.एस.डब्ल्यू. कर. जेंडरचा एम.ए. समजून घेण्याचा, लिहिण्याचा, मोजण्याचा अभ्यास आहे. दोन्ही चांगलेच, पण खिडक्या वेगळ्या.

प्राध्यापकीचंही तसंच. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेला हा स्वतंत्र विषय आहे, त्यातून संशोधनाची शिष्यवृत्ती (जेआरएफ) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि पीएच.डी.ची सोय होते. पण हा विषय चालवणारे विभाग मोजके, कायम जागा त्याहून मोजक्या, आणि कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या जागेला समाजशास्त्राचाच एम.ए. मागतात. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे नेटधारक तुमच्याही पाहण्यात असतील. केवळ प्राध्यापक व्हायचं म्हणून इकडे येऊ नये.

कंपन्यांबद्दल बरंच ऐकायला मिळतं. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी आणि तिच्यावर बाहेरचा एक सदस्य हवा. हिंजवडी-खराडीत अशा समित्या भरपूर. पण त्यांची प्रशिक्षणं बरीचशी वकील मंडळी घेतात. तेवीस वर्षांच्या मुलाला कोणी लगेच बोलावत नाही. सरकारी बाजूला महिला व बालविकास खातं आहे (त्याचं आयुक्तालय पुण्यातच आहे), बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याची जागा एमपीएससीतून भरतात. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) इथे कंत्राटी जागा निघतात. हे सगळं खरं, पण तुमच्या मुलासाठी माझ्या मनात वेगळीच जागा आहे.

समजा, एखादी संस्था पुरंदर-भोरच्या गावांत बचत गट चालवते. पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या निधीचा आहे. तीन वर्षांनी कंपनी विचारते, फरक काय पडला? मग पाहणी होते. प्रश्नावलीत एक प्रश्न हमखास असतो, 'घरातले मोठे निर्णय कोण घेतं?' नवरा ओट्यावर बसलेला असताना विचारलं की बाई म्हणते, 'आम्ही दोघं मिळून.' ती एकटी विहिरीवर भेटली तर उत्तर वेगळं. नमुना कसा निवडायचा हे येणारा माणूस मिळतो, आणि बाई असं का बोलली हे कळणारा माणूसही मिळतो; दोन्ही येणारा मिळता मिळत नाही. या कामाला त्या क्षेत्रात एम अँड ई (मॉनिटरिंग अँड इव्हॅल्युएशन) म्हणतात, मराठीत सरळ मूल्यमापन. संस्था, सीएसआर विभाग, सल्लागार कंपन्या, सरकारी योजना, सगळ्यांना ते लागतं. तुमचा मुलगा तीन वर्षं आकडेशास्त्र शिकून तिथे जाणार असेल, तर तो रिकाम्या हाताने जात नाहीये.

म्हणून माझी अट एकच, आणि ती त्याला वाचून दाखवा. एम.ए. करायचं तर स्टॅटिस्टिक्स सोडायचं नाही. सॉफ्टवेअरवरचा हात चालू ठेवायचा, प्रबंध करताना खऱ्या आकडेवारीवर काम करायचं, सुट्टीत एखाद्या संस्थेच्या पाहणीत गावोगाव हिंडायचं. ते जमणार नसेल, किंवा त्याला मुळात लोकसंख्या आणि आकडेच जास्त आवडत असतील, तर मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेचाही विचार करावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम तिथूनच चालतं, आणि पत्नीच्या औषधपाण्याचा निर्णय कोण घेतं हा प्रश्न त्या पाहणीतही असतो. पगाराचं म्हणाल, तर पहिली चार-पाच वर्षं तो त्याच्या अ‍ॅनालिटिक्सवाल्या मित्राच्या मागे राहील. हे त्याने आजच कबूल करून घ्यावं, नंतर तुमच्याकडे कुरकुर नको.

त्याला अभ्यासही वेगळा जाईल. स्टॅटिस्टिक्समध्ये उत्तर आलं की पान उलटायचं. इथे पहिले सहा महिने तर प्रश्न असाच का विचारला, यावर जातात. वाचन पुष्कळ आणि बरंचसं इंग्रजी, वाक्यं लांबलचक. पुण्याच्या केंद्रात मात्र मराठी माध्यमातून, गावांतून आलेल्या मुलांना सोबत घेऊन शिकवण्याची परंपरा आहे; समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी तिथे त्यासाठी फार खपून काम केलं. २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं. पदवी कोणत्याही शाखेची चालते, विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वर्गात मुली जास्त असतील, हे खरं. त्याने काही बिघडत नाही. नोकरी करत शिकायचं झालं तर इग्नूचाही एम.ए. आहे, पण या मुलाने वर्गात बसावं असं मला वाटतं.

लग्नाच्या वेळी 'पोस्ट ग्रॅज्युएट आहे, पुणे विद्यापीठ' असं सांगा. मुलीकडचे पगार विचारतील, विषय नाही.

फॉर्म भरण्याआधी त्याला एक काम द्या. घरातल्या तिघांची आठ दिवसांची डायरी ठेवू दे, त्या सरकारी पाहणीसारखी : पहाटे ४ पासून, अर्ध्या तासाचा एक रकाना, तुमची, वहिनींची आणि त्याची स्वतःची. न कंटाळता आठही दिवस केली, तर विषय त्याला खरंच हवाय. तिसऱ्या दिवशी सोडून दिली, तरी तेही कळलेलं बरं. डायरी घेऊन तिघंही माझ्याकडे या. २० तारखेनंतर कधीही चालेल, तोवर वहिनींचं रिटर्न भरून झालेलं असेल.